रूबेनकाकांचा हलका गिअर

रूबेनकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी गुडघ्यांकडे. दारात आलेल्या पाहुण्याला ते बसा म्हणत नाहीत. त्याला अंगणात चार पावलं चालायला लावतात आणि मग निकाल देतात, "डावा कुरकुरतोय. आयुष्यभर जड गिअर मारलात." पाहुणा जन्मात सायकलवर बसलेला नसला तरी या निकालात फरक पडत नाही. ख्रिस्ती देवळात नवे पाळक आले तेव्हा पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर सगळे त्यांना सलाम करून प्रवचनाबद्दल चांगलं बोलत होते. काकांनीही प्रवचन उत्तम झालं म्हणून सांगितलं, आणि हळू आवाजात जोडलं की उभं राहताना दोन्ही गुडघ्यांवर सारखा भार द्यावा, नाहीतर साठीनंतर स्तोत्रं बसून म्हणावी लागतील.

रूबेन साळवे पारनेरच्या शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलण्यातला भूगोल गेला नाही. एखादी गोष्ट हाताबाहेरची आहे असं वाटलं की ते म्हणतात, "भूगोल बदलता येत नाही. गिअर बदलता येतो." हे वाक्य त्यांनी गावात मुलीचं लग्न मोडलेल्या बापालाही ऐकवलं आहे आणि नळाला पाणी न आलेल्या शेजारणीलाही. शेजारीण म्हणाली होती, "मास्तर, हंडा भरायला गिअर कुठला टाकू तेवढं सांगा."

काका आणि माझे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, दोघं लहानपणापासूनचे मित्र. नानांचं बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. तरुणपणी दोघांनी मिळून पुण्याहून रेसिंगच्या दोन जुन्या सायकली आणल्या, एस.टी.च्या टपावर बांधून. वाकडं हँडल, बोटाएवढं टायर, सडपातळ पोलादी फ्रेम. गावाने दोघांना वेड्यात काढलं. दूधवाले तर त्यांना थांबवून विचारत, की या सायकलीला कॅन कुठे अडकवायचे.

दर रविवारी दोघं पठाराचा चढ चढत. काका आधी उपासनेला जात आणि नाना देवळाच्या फाटकाबाहेर सायकलवर एक पाय टेकून त्यांची वाट बघत. प्रवचन लांबलं की ऊन वाढायचं. मग काका बाहेर येताच नाना म्हणायचे, "तुमच्या बायबलातला मोशे आज पुन्हा डोंगर चढला वाटतं. आता आपला कधी चढायचा?" चढ संपतो तिथे हिराबाईंची चहाची टपरी आहे. तिथे चहा प्यायचा, वाऱ्यात थोडं बसायचं आणि उतरायचं. माझी आई गेली त्यानंतर काही आठवडे सोडले, तर हा रविवार कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

निवृत्तीनंतर काकांच्या हाती मोबाईल आला आणि त्यावर त्यांनी पाहिलं, की जगात कुठे कुठे लोक जुन्या सायकलींची फ्रेम तशीच ठेवून बाकी सगळं नवं बसवतात. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. जुन्या सायकलीत गिअरची कांडी खाली फ्रेमवर होती, गिअर बदलायला हँडल सोडावं लागे आणि नाना त्या नादात एकदा चरात गेले होते. नव्या पद्धतीत ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत. काकांनी ते कुठून कुठून मागवायला सुरुवात केली. पार्सलं मात्र आमच्या पत्त्यावर, नानांच्या नावाने यायची, कारण मार्थाकाकूंना कळू द्यायचं नव्हतं. काकूंना पहिल्या पार्सलापासून सगळं माहीत होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी आटोपून घरी येताना त्या मला गाठून सांगत, "कुंदा, आज नानांचं जे काय आलंय ना, त्या खोक्यातला थर्माकोल तेवढा मला ठेव. कुंड्यांत घालायला बरा पडतो."

नवं चाक रुंद निघालं. जुन्या फ्रेमच्या मागच्या दोन नळ्यांमध्ये ते बसेना. पारनेरच्या सायकल दुकानदाराने सांगितलं, हातोडी मारली की काम झालं. काका त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांनी त्या दोन नळ्यांमध्ये एक आटेदार सळई बसवली, दोन्ही बाजूंना नट लावले, आणि रोज सकाळी प्रार्थना झाली की नट अगदी थोडा फिरवायचा, बाकी दिवस सोडून द्यायचा. लोखंडाला सोडलं की ते पुन्हा आपल्या जागी यायला बघतं, त्याला न दुखवता समजवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला सासरी रुळवताना एवढा धीर नव्हता हो यांना."

आधी नानांची सायकल झाली, मग काकांची. जे एकीला लागायचं तेच दुसरीला. रंग सोडला तर दोन्हींत फरक ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामागे काय होतं ते पुढे मला कळलं.

नानांना चढावर दम लागू लागला. आधी वय म्हणून सोडून दिलं, मग नगरला नेलं. फुप्फुसं आखडत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं की बरं होणारं दुखणं नाही, सांभाळून राहायचं, सपाटीवर फिरायचं, चढ बंद. काका आमच्याबरोबर आले होते. त्यांनी डॉक्टरांना अगदी गंभीरपणे विचारलं, "चढ सपाट करून दिला तर चालेल का?" डॉक्टर हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे.

परतताना नगर मागे पडेपर्यंत नाना गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "रूबेन, हिराबाईच्या टपरीपर्यंत जाता येतंय तोवर मी आजारी नाही. एवढं बघ." काकांनी फक्त मान हलवली.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते सांगायचं तर थोडं सायकलीत शिरावं लागेल. मागच्या चाकाला ज्या दातेरी चक्र्या असतात, त्यांतली जितकी मोठी, तितका पाय हलका. जोर कमी लागतो, फक्त पाय जास्त फिरवावे लागतात. काकांनी दोन्ही सायकलींना एक मोठी चक्री बसवली. नाना वर पोहोचले. काही महिन्यांनी पुन्हा दम लागायला लागला, तर आणखी मोठी. काकांना तिची गरज नव्हती. त्यांचा श्वास अजून शाळेच्या घंटेसारखा खणखणीत होता. पण नानांना एकट्याला आजाऱ्याचा गिअर दिला असं वाटू नये, म्हणून तीच चक्री ते आपल्याही सायकलीला लावत. नाना मध्येच थांबले की काका खाली उतरून त्यांच्या चाकाकडे बघत आणि रागावून म्हणत, "चूक तुझी नाही. दात कमी पडले." नाना धापा टाकत म्हणत, "माझे पडतायत आणि तू सायकलीचे वाढवतोयस."

असं करत करत एका पावसाळ्यानंतर काकांनी जी चक्री आणली ती जेवणाच्या ताटलीएवढी होती. तिला पेलायला चेन सरकवणारा मागचा गिअरही नवा, लांब हाताचा घ्यावा लागला. त्या रविवारी मी स्कूटीवर मागोमाग गेले. दोन म्हातारे पाय गरागरा फिरवत होते आणि सायकली जागच्या जागी असाव्यात तशा सरकत होत्या. एका वळणावर शेळ्यांचा कळप मागून आला, दोघांच्या मधून निघून पुढे गेला. शेवटची शेळी थांबली, तिने नानांच्या पिशवीचा वास घेतला आणि तीही गेली. नानांना हसू आलं, हसण्यात तोल गेला आणि ते सायकलीसकट हळूच आडवे झाले. लागलं काही नाही. रस्त्यावर पडल्या पडल्या ते हसत होते, हसता हसता खोकत होते. काका शेजारी उकिडवे बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतः अजिबात हसत नव्हते.

वर पोहोचल्यावर हिराबाई म्हणाल्या, "गुरुजी, चालत आला असता तर कवाच आला असता की."

नाना म्हणाले, "चालत कोणीही येतं, हिराबाई."

नाना टपरीपर्यंत पोहोचले ती शेवटची वेळ. पुढच्या रविवारी पहिल्याच वळणावर नानांनी पाय टेकला आणि पुन्हा उचलला नाही. काका लगेच खाली वाकून चेन तपासू लागले. घरी आल्यावर त्यांनी मला अंगणातूनच सांगितलं की चेन अडकतेय, गिअर नीट लागत नाहीये, आठवड्यात दुरुस्त करतो. नाना आत पलंगावर बसले होते. काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात ते म्हणाले, "सायकल ठणठणीत आहे, कुंदा. त्याला बोलू दे."

मग हिवाळाभर काका रोज यायचे. नानांच्या खिडकीसमोर ओट्यावर सायकल उलटी करून ठेवायची आणि ती खोलायची. चेन काढायची, धुवायची, बसवायची. तारा आवळायच्या, सैल करायच्या. ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज आतून येई आणि बाहेरून चाकाची टिकटिक. नाना आतून मध्येच काहीतरी टोमणा मारत, श्वास पुरेल तेवढाच. एकदा निघताना काका फाटकाशी थांबले. हाताला ग्रीस होतं, तो हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता. म्हणाले, "याहून मोठी चक्री या फ्रेमला बसत नाही, कुंदा. मी सगळीकडे विचारलं."  

नाना माघात गेले. दहाव्याला काका आले, सगळं होईपर्यंत मागे उभे राहिले आणि कोणाशी न बोलता परतले. त्यानंतर ते आमच्या आळीत फिरकेनात. रविवारी उपासना झाली की घरी जात. गुडघ्यांवर बोलत नाहीत, भूगोलावर बोलत नाहीत, असं मार्थाकाकू सांगत होत्या. सायकलीवर जुनी चादर टाकलेली. काकू म्हणाल्या, "पूर्वी एका खोक्यासाठी माझ्याशी खोटं बोलायचा हा माणूस. आता खरंही बोलत नाही. तू काहीतरी कर बाई."

मी काही दिवस टाळलं. माझ्याच घरात बघवत नव्हतं, तिथे दुसऱ्याला काय बाहेर काढणार. शेवटी एका संध्याकाळी गेले आणि सांगितलं की हिराबाई विचारतात, रविवारी एकदा वर जाऊन या. त्यांनी सायकलीवरच्या चादरीचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, "बघू." पण रविवारी देवळापाशी त्यांची सायकल उभी असल्याचं काकूंनी फोन करून कळवलं.

मला त्यांना एकटं चहा प्यायला लावायचं नव्हतं. ते दोघं साधारण ज्या वेळेला वर पोहोचत, ती वेळ धरून मी स्कूटी काढली. वाटेत कुठेतरी त्यांची गाठ पडेल असं वाटत होतं. पहिल्या वळणावर नव्हते. शेळ्यांच्या वळणावर नव्हते. मी वेग वाढवला. मनात नाही नाही ते आलं.

टपरीपाशी पोहोचले तर काका बाकावर बसलेले. सायकल खांबाला टेकवलेली. घाम वाळला होता, म्हणजे येऊन बराच वेळ झाला होता. हिराबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दर ऐतवारी वळनावर दिसले का मी पातेलं ठेवते. दोघं येस्तोवर च्या उकळतो. आज पातेलं ठेवलं, पानी बी तापलं न्हाई, तवर गुरुजी हितं.  च्या दिला तो बी तसाच हाय."

मी काकांच्या शेजारी बसले. खाली पारनेर दिसत होतं, त्याच्या कडेने कोरडी शेतं, आणि आम्ही ज्यावरून आलो तो रस्ता.

ते म्हणाले, "मी इतक्या लवकर वर येतो, हे मला ठाऊकच नव्हतं."

"हलका गिअर आहे ना काका," मी उगाच म्हटलं. 

"तो घातलाच नाही." ते थांबले. "त्याचा श्वास ऐकून पाय चालवायची सवय. तो जोरात यायला लागला की आपला पाय सैल सोडायचा. इतकी वर्षं तसंच. आज शेजारून काही ऐकूच येईना, तर पाय थांबायचं नाव घेईनात."

 मी लहान होते तेव्हाही, नानांना कसला आजार नव्हता तेव्हाही, हे दोघं बरोबरच वर पोहोचायचे. नाना घरी येऊन अभिमानाने सांगायचे, की रूबेन ताकदीचा, पण चढावर मी त्याला एक हात पुढे जाऊ देत नाही.

काकांनी निवलेल्या चहाचा ग्लास उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"कुंदा, नानाला हे सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हटलं.