यादीतला शेवटचा

यादीच्या बाबतीत यादीसाहेबांना कोणी काही शिकवू नये, असा त्या ग्रंथालयाचा अलिखित नियम होता. बावीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या याद्या लावल्या होत्या. बायकोने किराणाची चिठ्ठी दिली, तरी ते ती आधी वर्णक्रमाने उतरवून घेत आणि मगच पिशवी उचलत. तोवर दुकान बंद व्हायची वेळ येई, ही गोष्ट वेगळी.

आज चार वाजता विश्वस्त यायचे होते. संगणकावरची यादी त्यांना पटली, की दाराजवळची कार्डांची चार कपाटं हलणार आणि त्या कोपऱ्यात लहान मुलांसाठी गालिचा पडणार. सध्या मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचत आणि येणारेजाणारे त्यांच्या बोटांवर पाय देत. या गालिच्यासाठी यादीसाहेबांनी ग्रंथपाल बाईंशी बारा वर्षं वाद घातला होता. बाईंचं उत्तर दर वेळी एकच असे. "कपाट बंद पडत नाही."

आणि नेमका दुपारी तीन वाजता संगणक अडला. नवीन अपडेट घेईना. जागा नाही म्हणे.

यादीसाहेबांनी मेहुणीला फोन लावला. ती संगणकाच्याच धंद्यातली. गेल्या महिन्यात तिनेच हा नवा संगणक बसवून जुन्यावरचं सगळं त्यात आणून दिलं होतं.

"जुने कर्नेल साठले असतील, भाऊजी."

"ते काय असतं?"

"संगणक चालू करतो तो गाभा. अपडेट आलं की नवा येतो, पण जुनाही तिथेच बसून राहतो. आज राहू द्या. संध्याकाळी मी येऊन काढते."

"चारला माणसं येणार आणि पडद्यावर काय दाखवू, जागा नाही? मी काढतो. तू फक्त काय टाइप करायचं ते सांग."

"बरं. यादी येईल. सगळ्यांत नवा ठेवा, त्याच्या मागचा एक ठेवा, बाकीचे काढा. यादी मात्र नीट बघा."

"यादी," यादीसाहेब म्हणाले, "मी बघतो."

पडद्यावर चार कर्नेल आले. नावं सारखीच, शेवटचे आकडे तेवढे वेगळे. एकाखाली एक असे: १००, १०४, ८९, ९७. यादीसाहेबांनी आकडे लहान की मोठे ते बघितलंच नाही. त्यांनी क्रम पाहिला. त्यांच्या कपाटात नवं येई ते शेवटी लागे, म्हणजे शेवटचा तो ताजा. मागचा एक ठेवा म्हणाली होती, पण एकाच पुस्तकाच्या दोन प्रती सांभाळायला ते आधीपासूनच नाखूश. त्यांनी वरचे तिन्ही निवडले.

संगणकाने विचारलं, तुम्ही चालू असलेला कर्नेल काढताय, थांबू का?

"यालाही बाईंचं वारं लागलं," असं पुटपुटत त्यांनी नको म्हणून सांगितलं. तिन्ही गेले. भरपूर जागा झाली. यादीसाहेबांनी शिपाईकाकांना चहा सांगितला आणि मोठ्या समाधानाने संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

पहिला चहा संपला, दुसरा आला. मग फोन.

"कोणता ठेवलात?" मेहुणीने विचारलं.

"शेवटचा. सत्त्याण्णव."



"भाऊजी, शंभर मोठे की सत्त्याण्णव?"

"हा काय प्रश्न झाला?"

"ती यादी पहिल्या अंकावरून लागते. एकाने सुरू होणारे आधी, नऊने सुरू होणारे शेवटी. सत्त्याण्णव जुन्या संगणकाच्या काळातला. त्याने हा नवा कधी पाहिलेलाच नाही, तो सुरू काय करणार? पुस्तकांची यादी शाबूत आहे, काळजी नको. मी सहाला येते."

"सहाला," यादीसाहेब म्हणाले. घड्याळात पावणेचार झाले होते. त्यांना एकदम त्या पायऱ्यांवरच्या मुलांची बोटं आठवली.

विश्वस्त वेळेवर आले, तिघे. त्यांतल्या वयस्कर बाईंनी हौसेने एका जुन्या प्रवासवर्णनाचं नाव घेतलं आणि सापडतंय का बघा म्हणाल्या. सगळे पडद्याकडे बघू लागले. पडद्यात सगळ्यांचे चेहरे दिसत होते, बाकी काही नाही.

"जरा," यादीसाहेब म्हणाले, "जागा करत होतो."

तेव्हा ग्रंथपाल बाई उठल्या. कपाटापाशी गेल्या, एक खण ओढला, चार बोटं चालवली आणि कार्ड काढलं. शिपाईकाकांनी मिनिटभरात पुस्तक आणून हातात दिलं. विश्वस्त इतके खूश झाले, की कपाटं हलवायची नाहीत, उलट त्यांना पॉलिश करून घ्यायचं, असं जागच्या जागी ठरलं. गालिच्याचा विषय कोणी काढलाच नाही.

सहाला मेहुणी आली आणि वीस मिनिटांत संगणक चालू करून गेली.

दुसऱ्या दिवशी यादीसाहेब आले, तर बाईंच्या खोलीतलं मोठं टेबल बाहेर व्हरांड्यात होतं आणि खोलीत गालिचा पसरलेला. त्यावर पाच मुलं पालथी पडून वाचत होती. बाई व्हरांड्यात बसून सह्या करत होत्या.

"बाई, हे..."

"कपाटं हलणार नाहीत, एवढंच मी म्हणत होते," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मी हलणार नाही असं कधी म्हटलं? आणि 'स'चा खण एकदा बघून घ्या. नवीन कार्ड घातलंय."

यादीसाहेबांनी खण ओढला. बाईंच्या गोल अक्षरात कार्डावर लिहिलं होतं: 'संगणक, बंद पडलेला. पाहा: कपाट.'

कार्ड चुकीच्या जागी लागलंय का, हे त्यांनी मागचीपुढची दहा कार्डं काढून तपासलं. अगदी बरोबर लागलं होतं.