डीपीला घातलेला हार

बत्तीस वर्षांच्या पत्रकारितेत मी मंचावर कधी बसलो नाही. बसलो तो कायम मंचासमोर, पहिल्या रांगेतल्या डुगडुगत्या खुर्चीवर, मांडीवर वही ठेवून. वरचे लोक काय काय बरळले ते लिहून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शिव्या खायच्या, हा आपला धंदा. म्हणून धारूरच्या एका कॉलेजातून प्राध्यापक अभिमन्यू यांचा फोन आला आणि ते म्हणाले, "सर, प्रमुख वक्ते म्हणून या," तेव्हा मी चक्क उठून उभा राहिलो. (फोनवर. घरात दुसरं कुणी नसताना.)

विषय होता, 'खोट्या बातम्या आणि आपली ऑनलाइन ओळख'.

"एक विनंती आहे सर," प्राध्यापक चाचरत म्हणाले. "तेवढा डीपी बदला. मुलं तुमचा नंबर उघडतात आणि त्यांना बैल दिसतो."

खरं होतं. तीन पोळ्यांपूर्वी मेहुण्याच्या बैलाचा फोटो मी व्हॉट्सअॅपला लावला होता, तो तसाच राहिला. बैल देखणा होता, पण ऑनलाइन ओळखीवर बोलणाऱ्याची ओळखच बैल असणं बरं नव्हे, हे मलाही पटलं. पटायला नको होतं.

माझा बरा फोटो एकच, आष्टीला सत्कार झाला तेव्हाचा. गळ्यात झेंडूचा हार, मागे समई, शेजारी हार घालणारे पुढारी. पुढाऱ्यांबरोबरचे फोटो मी मिरवत नाही (तेही माझ्याबरोबरचे मिरवत नाहीत), म्हणून त्यांना कापलं. शर्ट भडक दिसत होता, म्हणून फोटो काळा-पांढरा केला. काय भारदस्त दिसलो म्हणून सांगू!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी बायकोला दाखवला. बबितानं पदराला हात पुसले आणि फोन लांब धरून पाहिला.

"आवो, ह्यो भिंतीवर टांगायचा हाय का?"

"डीपी आहे तो."

"मग हार कावून?"

"सत्कार चाललाय माझा!"

"तुमाला कळतंय. लोकायला कळंल का?"

"फोटो हा तुझा विषय नाही," मी म्हणालो. (हे वाक्य ती मला रोज एकदा ऐकवते.)

डीपी लावला, आंघोळ उरकली, फोन उघडला. गटांवर नेहमीची गर्दी. मी काही सगळं वाचत बसत नाही. दोन वाढदिवस, एक निवड, एक निधन. ज्याच्या त्याच्या खाली योग्य तो मजकूर टाकला, फोन बंद करून कपाटात ठेवला आणि भाषण लिहायला बसलो. पहिलंच वाक्य झणझणीत उतरलं: 'न वाचता मजकूर टाकणारा माणूस हा समाजाचा शत्रू आहे.'

अकराच्या सुमारास कडी वाजली. दारात मागच्या गल्लीतल्या चतुराबाई. डोळ्याला पदर, हातात झाकलेलं पातेलं. मला पाहून त्यांनी किंकाळी फोडली.

"अगं माय! तुमी?"

"मीच. काय झालं?"

"तुमी गेलता ना?"

"कुठं?"

चतुराबाईंनी बोट वर केलं. मी छताकडे पाहिलं. आमच्याकडे माळासुद्धा नाही.

पातेल्यात पिठलं होतं, वर चार भाकरी. ज्या घरी कुणी गेलंय तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी नेऊन द्यायचा कडू घास. माझ्या मरणाचा कडू घास माझ्याच हातात देऊन बाई बबिताच्या गळ्यात पडायला आत गेल्या. (पिठलं चांगलं होतं. लसूण जरा जास्त.)

कपाटातला फोन सुरू केला तोच वाजला. नाथा, आमचा सिरसाळ्याचा बातमीदार.

"वैनी, माती किती वाजता हाय? आमी निघालोच."

"नाथा, कुणाची माती? मी बंकट बोलतोय."

"कोण बे तू? मेल्या माणसाच्या फोनवर मस्करी करतो?"

"अरे, मी जिवंत आहे!"

"दादा असते तर आत्तापर्यंत आईवरून शिवी दिली असती."

मी दिली.

पलीकडून हुंदका आला. "दादा! तुमीच!"

हळूहळू उलगडा झाला. माझा नवा डीपी नाथाला लई आवडला. त्यानं तो जिल्ह्यातल्या पत्रकारांच्या गटावर (प्राध्यापकही त्यात आहेत) टाकला आणि खाली लिहिलं, 'आपले दादा...' पुढं 'काय भारी दिसतेत' असं लिहायचं होतं, पण तेवढ्यात त्याची म्हैस सुटली.

"म्हैस बांधून आलो दादा, तर श्रद्धांजल्याची ही रांग! मग मलाबी खरंच वाटलं."

म्हणजे जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या पत्रकारांनी मला तीन टिंबांत पुरलं होतं. माझं डोकं फिरलं. गटावर ठणकावून लिहिलं, 'मी जिवंत आहे. – बंकट घोळवे.' (आडनावातच घोळ, कुणाला बोलणार?) दोन मिनिटांत गट चालवणाऱ्या हनुमानचं उत्तर आलं: 'दादांचा नंबर हॅक झाला आहे. कुणीही विश्वास ठेवू नये. तीव्र निषेध.' आणि मला गटातून काढलं. नाथानं माझी बाजू घेतली, तर त्यालाही काढलं. प्राध्यापकांना फोन लावला. "लाज वाटत नाही का?" म्हणून त्यांनी कापला.

मी तडक धारूरची एसटी धरली. बत्तीस वर्षांनी मिळालेला मंच मी मेलो म्हणून सोडणार नव्हतो.

सभागृहात शिरलो तेव्हा दोन मिनिटांचं मौन चालू होतं. मला पाहून दीडशे तोंडं उघडली, पण मौनामुळे कुणाला ओरडता येईना. मंचावर 'प्रमुख वक्ते' अशी पाटी, त्यामागे माझी खुर्ची, खुर्चीत माझा फोटो. फोटोतल्या हारावर आणखी एक खरा हार.

मौन संपलं आणि मी सुटलो. "प्राध्यापक आहात का कोण? एकानं तरी शहानिशा केली का?"

"केली ना सर," प्राध्यापक कळवळून म्हणाले. "आरोही, दाखव सरांना."

पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, कार्यक्रमासाठी तुम्ही आधी पाठवलेल्या टिपणातच आहे. एखाद्या जबाबदार, जुन्या पत्रकारानं स्वतःच्या नावानं दुजोरा दिलाय का ते पाहा. आम्ही ते पाहिलं."

तिनं प्राध्यापकांचा फोन माझ्यापुढे धरला. नाथाच्या तीन टिंबांखालचा पहिलाच मजकूर, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांचा: 'भावपूर्ण श्रद्धांजली. जिल्ह्याच्या पत्रकारितेची कधीही भरून न येणारी हानी. – बंकट घोळवे.'

काळा-पांढरा फोटो, हार, समई. तेवढंच पाहिलं होतं मी. चेहरा कोण बघतो?

खोडायला गेलो, तर गटातून काढलेल्या माणसाला स्वतःचा मजकूर खोडता येत नाही. त्यावर सत्तेचाळीस जणांनी हात जोडले होते. माझ्या कुठल्याही बातमीला इतके जुळले नाहीत.

"सर, आता आलाच आहात तर बोला ना," प्राध्यापक म्हणाले. मी कागद काढला. पहिलं वाक्य डोळ्यांसमोर आलं. कागद खिशात ठेवला आणि खाली पहिल्या रांगेत जाऊन बसलो. वर माझ्याबद्दल चार जण चांगलं बोलले. सवयीनं लिहून घेतलं.

गटात मला परत घेतलंय, पण एका अटीवर. हनुमाननं स्पष्टच कळवलं: 'दादा, डीपीला आधी बैल लावा. बैल दिसला की खात्री पटते, तुम्हीच आहात म्हणून.'