नवी फाइल उघडण्याबाबत

शून्यातून काहीही निर्माण होत नाही, हे सत्य पटायला माणसाला फार काळ लागला म्हणतात. आमच्या कार्यालयाला ते संगणक आला त्याच आठवड्यात पटले.

आमचे कार्यालय घरांचे नकाशे काढते. पूर्वी ते कागदावर निघत, आता संगणकावर निघतात. संगणकावर नकाशा सुरू करायचे दोन मार्ग आहेत. एक, ‘नवी फाइल’ असे लिहिले आहे तिथे टिचकी मारणे. दुसरा, आधीच्या कुणाच्या तरी घराची फाइल उघडणे, तिला नवे नाव देऊन साठवणे आणि मालक बदलला एवढे ध्यानात ठेवून पुढे चालणे. पहिल्या मार्गाने गेल्यास काय होते, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हते. ते जाणून घ्यायची गरजही कधी पडली नाही, इतका दुसरा मार्ग उत्तम होता.

या मार्गाचे जनक आमचे मोठे साहेब. संगणक आला तेव्हा त्यांनी स्वतः खपून आपल्या बहिणीच्या घराचा नकाशा काढला आणि फाइलीला ‘बहीण’ असे नाव दिले. पुढचे घर एका शिक्षकांचे होते. साहेबांनी ‘बहीण’ उघडली, एक खोली डावीकडून उजवीकडे नेली आणि फाइल ‘शिक्षक’ या नावाने साठवली. ‘शिक्षक’मधून ‘कापडवाले’ निघाले, ‘कापडवाले’मधून ‘दातांचे डॉक्टर’, आणि दातांच्या डॉक्टरांपासून जवळजवळ निम्मे गाव. (मधल्या काळात मालकाचे नाव बदलायचे राहून गेल्यामुळे एका किराणा दुकानदाराला दातांच्या डॉक्टरांच्या नावाने बांधकामाची परवानगी मिळाली. त्याने ती फ्रेम करून लावली आहे.)

या पद्धतीचे फायदे सांगावे तेवढे थोडे. वेळ वाचतो, डोके वाचते. चूक झालीच तर ती जुनी असते, आणि जुन्या चुकीला चूक म्हणायची कुणाची प्राज्ञा नसते. शिवाय घराघरांत आपलेपणा राहतो. ‘बहीण’च्या अंगणात साहेबांनी शोभेसाठी एक मोटारगाडी काढली होती. ती तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाच्या अंगणात उभी आहे. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांतल्या काहींनी, नकाशात आहे तर असावी, म्हणून हप्त्याने घेतली.

‘बहीण’मध्ये आणखी एक गोष्ट होती. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना वीतभर उंचीची एक पायरी. स्वयंपाकघर वर, बाकी घर खाली. ती का होती हे कुणी विचारले नाही. शिक्षकांच्या घरात ती आली, कापडवाल्यांच्या घरात आली, आणि पुढे ज्याच्या स्वयंपाकघराला पायरी नाही त्याचे घर अर्धवट राहिले आहे असे लोक समजू लागले.

गावाने या पायरीशी उत्तम जुळवून घेतले. इथे कुणीही कप काठोकाठ भरत नाही, कारण तो पायरीवर सांडतो. (आमच्या पाहणीत शंभरातले नव्वद लोक कप पाऊण भरतात असे आढळले. उरलेले दहा पाहुणे होते.) मूल चालायला लागले की पहिल्यांदा तिथेच आपटते, आणि ते आपटले की आजोबा कौतुकाने फोटो काढतात. एका प्राध्यापकांनी या पायरीवर लेख लिहून, अन्नाकडे जाताना माणसाने एक पाऊल वर चढले पाहिजे हा त्यामागचा थोर विचार असल्याचे सिद्ध केले. हाडांचे एक डॉक्टर दुसऱ्या गावाहून येऊन आमच्याकडे स्थायिक झाले. त्यांचे बरे चालले आहे. त्यांच्या घराचा नकाशाही आम्हीच काढला.

असे सगळे सुरळीत चालू असताना मिलिमीटरची आई पडली.

मिलिमीटर म्हणजे संगणकाबरोबरच कार्यालयात आलेले आमचे सर्वांत जुने आरेखक. पडद्यावर दोन रेघांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी त्यांना जेवण जात नाही, म्हणून हे नाव. ते भाड्याच्या घरात राहत. घर अर्थातच आमच्या कार्यालयाचे, म्हणजे ‘बहीण’च्या वंशातले. आई सकाळी दुधाचे पातेले घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होत्या. पायरी त्यांच्या पायाखालून गेली आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, चार पायांचा वॉकर आला, आणि डॉक्टरांनी सांगितले की आता सपाट जमिनीवर चाला, पायरी चढायची नाही.

म्हणजे स्वयंपाकघर बंद.

त्या घरात सून चांगली होती, हेच दुखणे होते. मागायच्या आत चहा हातात येई. आई तो घेत, अर्धा पीत आणि कप खाली ठेवून देत. एकदा मिलिमीटरनी विचारलेच.

“आई, चहा गोड नाही का झाला?”

“गोड आहे रे. पण आयता आहे. उठावं, भांडं ठेवावं, उकळी येईपर्यंत ओट्याशी उभं राहावं, यातच माझा निम्मा चहा होता. आता नुसतं पाणी प्यायल्यासारखं वाटतं.”

मिलिमीटर दुसऱ्या दिवशी कार्यालयात आले ते स्वतःच्या घराचा विषय घेऊनच. प्लॉट कधीचा घेऊन ठेवला होता. आता घर बांधायचे आणि त्यात पायरी घालायची नाही, असे त्यांनी आता कार्यालय चालवणाऱ्या धाकट्या साहेबांना सांगितले. इतक्या वर्षांत असे कुणी बोलले नव्हते.

पायरी पुसून टाकावी, हा मार्ग आधी तपासून पाहिला. संगणकावरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असतात. भिंती एका कागदावर, दारे दुसऱ्यावर. त्यांना लेयर म्हणतात. पायरी ज्या लेयरवर होती त्याला मोठ्या साहेबांनी कुलूप घातले होते. असे कुलूप एका टिचकीत उघडते, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. पण खुद्द मोठ्या साहेबांनी घातलेले कुलूप एका टिचकीत उघडायचे, हे कुणाच्या हातून व्हावे?

“साहेब आता निवृत्त आहेत ना?” मिलिमीटर म्हणाले.

“साहेब निवृत्त आहेत,” धाकटे साहेब म्हणाले, “कुलूप सेवेत आहे.”

तेव्हा सर्वानुमते असे ठरले की मिलिमीटरनी आपल्या जबाबदारीवर नवी फाइल उघडावी.

सगळे कार्यालय त्यांच्या खुर्चीमागे उभे राहिले. मिलिमीटरनी घाम पुसून ‘नवी फाइल’वर टिचकी मारली. क्षणभराने पडद्यावर नकाशा आला. बैठकीची खोली, अंगण, अंगणात मोटारगाडी आणि स्वयंपाकघराला पायरी. नवी फाइल कोणत्या नमुन्यावरून सुरू व्हावी हे या प्रणालीला सांगून ठेवता येते, आणि दूरदर्शी मोठ्या साहेबांनी ते आधीच सांगून ठेवले होते. आमच्याकडे नवी फाइलही जुनीच निघे. आम्हाला त्यांचा अभिमान वाटला.

शेवटी यादीच्या तळाशी ‘नमुन्याशिवाय’ अशी एक ओळ सापडली. मिलिमीटरनी डोळे मिटून ती निवडली. पडदा काळा झाला. एक रेघ नाही, आकडा नाही, गाडी नाही.

“बंद पडलं वाटतं,” हिशेबनीस म्हणाले.

“नाही, हेच आहे,” मिलिमीटर म्हणाले. “रिकामं आहे.”

मग असे लक्षात आले की ज्या माणसाच्या हाताखालून गावातली शेकडो घरे गेली, त्याने पहिली रेघ आयुष्यात कधी काढलेली नव्हती. खोल्या सरकवल्या होत्या, खिडक्या मोठ्या केल्या होत्या, पण सुरुवात त्यांना नेहमी तयार मिळाली होती. दुपार झाली तरी काळ्या पडद्यावर बाण नुसता फिरत होता. संध्याकाळी धाकट्या साहेबांनी नाइलाजाने मोठ्या साहेबांना फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“साहेब, पहिली रेघ कुठून काढायची?” मिलिमीटरनी विचारले.

“कुठून म्हणजे? ज्याचं घर आहे त्याला विचार, तुला काय पाहिजे. मी आमच्या ताईला विचारलं होतं. ती म्हणाली, सकाळचं ऊन देवासारखं घरात आलं पाहिजे. मग मी पहिली खिडकी काढली.”

“आणि पायरी, साहेब?”

“कसली पायरी?”

“स्वयंपाकघराची.”

“अरे हो! तिच्या प्लॉटमध्ये मागच्या बाजूला कातळ लागला होता. फोडायचा तर फार खटाटोप, म्हणून तेवढा भाग वर घेतला. पण ती जागा ताईचीच होती. तुम्ही अजून घालता की काय ती?”

“सगळीकडे, साहेब.”

“माझ्याही घरात आहे,” मोठे साहेब विचार करत म्हणाले. “मागच्या वर्षी मी तिच्यावरूनच पडलो. म्हटलं, असेल काहीतरी कारण.”

फोन ठेवल्यावर हिशेबनीसांनी पाणी मागवले. त्या रात्री मिलिमीटरनी आईला विचारले, तुला काय पाहिजे. त्यांना असे आजवर कुणी विचारले नसावे, कारण आधी त्यांनी “मला काय करायचंय रे” असे म्हणून पाहिले. मग म्हणाल्या, “माझ्या खाटेवरून उठले की वॉकर सरळ शेगडीपाशी गेला पाहिजे. आणि ओटा बुटका ठेव, म्हणजे स्टुलावर बसून करता येईल. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

मिलिमीटरनी खाटेपासून शेगडीपर्यंत एक सरळ रेघ काढली आणि तिच्याभोवती घर बसवले. फाइलीला ‘आई’ असे नाव दिले. खरे सांगायचे तर इतका सुंदर नकाशा आमच्या कार्यालयातून त्याआधी निघाला नव्हता. आमच्यापैकी दोघांचे डोळे ओले झाले. (तिसऱ्याने ते संगणकाच्या प्रकाशामुळे झाल्याचे सांगितले.)

परवानगी कार्यालयाने ‘पायरी दिसून येत नाही’ असा शेरा मारून नकाशा परत पाठवला. पायरी नसल्याबद्दलचा खुलासा आणि ती भविष्यातही नसेल अशी हमी जोडल्यावर तो मंजूर झाला. बांधकाम सुरू झाले. भिंती आणि छप्पर झाल्यावर पंधरा दिवस मिलिमीटरना कामामुळे तिकडे फिरकता आले नाही. ते गेले तेव्हा फरश्या बसल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी वीतभर उंचीची, कडेला गोलाई दिलेली, सुबक पायरी होती.

“नकाशात राहून गेली होती,” गवंडी म्हणाला. “म्हटलं, घाईत राहिली असेल तुमच्याकडून. घालून टाकली. तिचे वेगळे पैसे नकोत, घरचंच काम आहे.”

ज्या माणसाने आयुष्यात माऊसपेक्षा जड काही उचलले नव्हते, त्याने कोपऱ्यातला घण उचलला. गवंडी बराच वेळ “चांगली झाली होती हो” असे म्हणत उभा होता. मग त्याला राहवेना. “असा नका मारू, खांदा निखळेल,” म्हणत त्याने घण काढून घेतला आणि पायरी स्वतःच फोडली. आतली भर काढून जमीन सपाट करायला पुढचे दोन दिवस गेले.

घरात राहायला गेले त्या दिवशी आम्ही सगळे हजर होतो. आई खाटेवरून उठल्या. वॉकर टक टक करत सरळ निघाला. स्वयंपाकघराच्या तोंडाशी त्या थांबल्या. सवयीने वॉकर वीतभर उचलला, पाऊल वर घेतले, आणि ते हवेतून खाली सपाट फरशीवर आले. त्या डगमगल्या. सून धावली.

“सोड मला,” आई सुनेला म्हणाल्या. “काही झालं नाही. उगाचच चढत होते मी.”

मग त्या स्टुलावर बसल्या आणि सगळ्यांसाठी चहा केला. साखर घालायची विसरल्या. आम्ही तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. कप काठोकाठ भरलेले होते आणि मिलिमीटर ओट्याशी तोंड फिरवून उभे होते.

या घटनेपासून आमच्या कार्यालयाने योग्य तो धडा घेतला. ‘बहीण’ कायमची बंद करण्यात आली. आता प्रत्येक नवे घर ‘आई’ उघडून काढले जाते. गेल्या वर्षभरात गावात जेवढी घरे उभी राहिली, त्या सर्वांत खाटेपासून शेगडीपर्यंत सरळ वाट आहे आणि ओटा मिलिमीटरच्या आईंच्या मापाने बुटका आहे. नवी लग्ने झालेली उंच उंच मुले-मुली त्याच्यापुढे कमरेत वाकून पोळ्या लाटतात. प्राध्यापकांचा नवा लेख आला आहे; अन्नापुढे माणसाने वाकलेच पाहिजे, असे त्यांनी त्यात सिद्ध केले आहे. हाडांचे डॉक्टर मधल्या काळात थोडे काळजीत होते. आता पाठदुखीचे रुग्ण वाढल्याने त्यांना बरे वाटते आहे.

वाचकहो, तुम्ही हसलात याचा आनंद आहे. आता उठाल, पाणी प्यायला आत जाल. जाताना कुठे पाऊल उचलता, कुठल्या दाराशी मान लववता आणि कुठल्या कोपऱ्याला वळसा घालता, तेवढे पाहून ठेवा. कारण विचारायचे झाल्यास आमच्याकडे येऊ नका. तुमचे घर कुणाच्या बहिणीसाठी काढले होते, ते आम्हालाही सांगता येणार नाही.