मोहबोडीच्या बोटीची धुलाई

जी वस्तू चोवीस तास पाण्यातच असते ती धुवायची कशी, हा प्रशासनापुढचा फार जुना आणि गंभीर प्रश्न आहे. कोरड्या वस्तूचं सोपं असतं. तिच्यावर पाणी ओतलं की झालं. पण जिच्या चारही बाजूंना पाणीच आहे, तिच्यासाठी पाणी आणायचं कुठून? सिंदेवाहीकडच्या मोहबोडी तलावावर हा प्रश्न अत्यंत समाधानकारक रीतीने सोडवण्यात आला. तो सुटला त्या दिवसापासून बोट जागची हललेली नाही.

बोट जलपर्यटनासाठी आली होती. पर्यटक भरपूर आले (उद्घाटनाचे पाहुणे आणि त्यांचे ड्रायव्हर धरून). बोट चालवायला मच्छीमार संस्थेने इस्तारीला नेमलं. इस्तारीच्या घरात पिढ्यानपिढ्या डोंग्यात उभं राहून जाळं टाकलेलं. किल्ली फिरवली की चालणारं नशीब त्याच्याच वाट्याला पहिल्यांदा आलं. ती किल्ली तो गळ्यात घालून झोपायचा. पर्यटक नसले (म्हणजे रोज) की तो रोवणीच्या बायांना पलीकडच्या बांध्यांवर, म्हणजे भाताच्या खाचरांत, नेऊन सोडायचा. त्यात त्याची बायको ताराबाईही असायची. दुसरा रस्ता होता, पण तो तलावाला वळसा घालून जंगलातून जायचा आणि तिथे वाघाने कायमचा मुक्काम ठोकला होता. वनखात्याने फलक लावून सर्व संबंधितांना सावध राहण्यास सांगितलं होतं.

सुरुवातीला बोटीत चिखलाचा ठिपका नसे. पायताण घालून डोंग्यात चढायचं नाही, हा ढीवर मच्छीमारांचा रिवाज बोटीलाही लागू झाला होता. चपला हातात धरून माणूस गुडघाभर पाण्यातून बोटीपर्यंत यायचा, तेवढ्यात पाय आपोआप धुऊन निघायचे. पुढे एक मोठे साहेब पाहणीला आले आणि त्यांचे मोजे भिजले. भिजलेल्या मोज्यांची शासनाने तातडीने दखल घेऊन काठापासून बोटीपर्यंत सिमेंटचा धक्का बांधला. एकाच काठाला वाईट वाटू नये म्हणून पलीकडेही बांधला. आता रोवणीच्या बाया बांधीतल्या चिखलातून थेट धक्क्यावर आणि धक्क्यावरून थेट बोटीत येऊ लागल्या. विकास बोटीच्या तळाला चार बोटं जाड साचू लागला.

इस्तारीने घरची बादली आणून पाहिली. पण तपासणीत आढळलं की बोटीच्या सामानात बादलीची नोंदच नाही. विनानोंद वस्तू म्हणून ती जप्त झाली. तेव्हा तो संस्थेचे अध्यक्ष खुशालभाऊ यांच्याकडे गेला.

"भाऊ, सरकारकडून एक बादली भेटंल काय? बोट धुवाले पायजे."

खुशालभाऊंना खरोखर दुःख झालं. "सरकारले बादली मांगतं काय गा तू? लहान चीज मांगली का साहेब लोकाईले आपली कीव येते, अन् कीव आली का फाईल दबते. मोठं मांग! यंत्रणा मांग!"

आपल्या भागात हे शास्त्र सर्वांना पाठ आहे. पूल हवा असेल तर धरण मागतात, डॉक्टर हवा असेल तर कॉलेज. पूल किंवा डॉक्टर मिळतो असं नाही, पण मागणाऱ्याची इज्जत राहते. इस्तारीलाही ते पटलं. त्याने यंत्रणा मागितली आणि या एकाच बाबतीत शासनाने तलाववासीयांना निराश केलं नाही.

यंत्रणा बसवायला गडचांदूरहून अमर नावाचा फिटर आला. त्याने बोटीच्या बुडाला भोक पाडून पाणी आत घेणारी नळी बसवली, त्यावर गाळणी, मग पंप, बॅटरी, लांबलचक पाईप आणि टोकाला बंदुकीसारखी तोटी. घोडा दाबला की तलावातलं पाणी सुसाट बाहेर यायचं, आणि सोडला की पंप आपला आपण गप्प व्हायचा. इस्तारीने पहिल्यांदा घोडा दाबला तेव्हा तो पोरासारखा हसला. त्याने बोट धुतली, धक्का धुतला, दोन म्हशी धुतल्या आणि खुशालभाऊंची मोटरसायकलही धुतली. त्या दिवशी इस्तारी खरोखर सुखी होता, आणि यंत्रणेने दिलेलं हे सुख नाकारण्यात अर्थ नाही.

मग गुणवत्ता तपासणी झाली. तपासणी समितीने तलावाचं पाणी बाटलीत धरून उजेडात पाहिलं आणि अहवाल दिला, की या पाण्यात माती आहे. मातीच्या पाण्याने माती धुणं म्हणजे धुणं नव्हे, ते घाणीचं स्थलांतर. म्हणून बोटीवर शुद्ध पाण्याची टाकी बसवावी. बसवली. लग्नात येतात तशा थंड पाण्याच्या कॅन सिंदेवाहीहून गाडीने आणून ती भरण्यात येऊ लागली. (गावात त्या महिन्यात हातपंप बंद होता. पण गाव पाण्यावर तरंगत नसल्यामुळे ते या योजनेत बसत नव्हतं.) नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की धुतलेलं घाण पाणी तलावात सोडलं तर तलाव खराब होईल. म्हणून घाण पाण्याची दुसरी टाकी आली.

बोटीची क्षमता बारा माणसांची. साहेबांनी धक्क्यावर खुर्ची टाकून हिशेब मांडला:

शुद्ध पाण्याची टाकी: सहा माणसं.
घाण पाण्याची टाकी: सहा माणसं.
पंप, बॅटरी व पाईप: एक माणूस.
यंत्रणा चालवणारा: एक माणूस (पद रिक्त, पण वजन मंजूर).
इस्तारी: एक माणूस (तूर्त).

"पण साहेब," इस्तारी म्हणाला, "या टाकीतलंच पानी त्या टाकीत जाते. दोनी टाक्या एकाच टायमाले कशा भरतीन?"

"नियमात टाकी भरलेलीच धरतात," साहेब समजुतीने म्हणाले. "रिकामी धरली तर टाकी घेतलीच कशाला, असा आक्षेप येतो."

"मंग बाया कुठी बसतीन? रोवण्याचे दिवस हाये, साहेब. धानाचे पऱ्हे पिवळे पडून राह्यले. जंगलाच्या रस्त्यानं कशा जातीन त्या?"

"इस्तारी, बोटीत चिखल कुणाच्या पायांनी येतो?"

"बायाईच्या."

"मग बाया बंद झाल्या की चिखल बंद. आपण मुळावरच घाव घालतोय."

तरीही बेरीज पंधरा येत होती. रिक्त पद रद्द केलं, चौदा उरले. इस्तारीला उतरवलं, तेरा. आता चालवायला कुणी नव्हतं, म्हणून इंजिनही काढून टाकलं. त्या जागी पंप आणि बॅटरी वजनाला वजन बसली आणि हिशेब बरोबर बारावर आला. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. यंत्रणेपूर्वी बोटीतील चिखल: शंभर टक्के. यंत्रणेनंतर: शून्य. इतका निर्विवाद निकाल फार थोड्या योजनांना लाभतो.

इस्तारीला घरी जाऊन जेवण गेलं नाही. ताराबाई म्हणाली, "बादलीच मांगाची होती जी तुमी."

"मांगली होती. भाऊनं मोठी करून देल्ली."

दुसऱ्या सकाळी त्याने बापाचा डोंगा पाण्यात ओढला. बाया दाटीवाटीने बसल्या. डोंग्यात पाणी शिरलं की एकजण डबड्याने बाहेर फेके, त्यासोबत चिखलही जाई. रोवणी पुन्हा सुरू झाली. इस्तारीला वाटलं, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात एक पर्यटक आला. त्याने धक्क्यावरून फोटो काढला: अलीकडे चकचकीत बोट, पलीकडे गुडघ्यापर्यंत माखलेल्या बायांचा डोंगा. खाली लिहिलं, "शासनाने एवढी स्वच्छ, सुंदर बोट दिली, तरी लोक चिखलातच बसणार. आपली मानसिकता कधी बदलणार?" फोटो जिल्हाभर फिरला, मग राज्यभर. हजारो सुजाण नागरिकांनी 'अगदी बरोबर' लिहिलं, अंगठे दाखवले, हात जोडले. बोट रिकामी का, हे कुणी विचारलं नाही. घाईच तेवढी होती.

लोकभावनेपुढे शासन नेहमीच झुकतं. डोंग्यालाही धुलाई यंत्रणा मंजूर झाली. पहिला टप्पा, म्हणजे डोंग्याच्या बुडाला पाणी आत घेण्याचं भोक पाडणे, वेळेआधीच पूर्ण झाला आहे. दुसरा टप्पा, म्हणजे त्या भोकात काहीतरी बसवणे, निधीच्या प्रतीक्षेत आहे. बापाच्या डोंग्यातून आरपार उजेड दिसला तेव्हा इस्तारी तलावाच्या पाळीवर बसून रडला.

बाया आता जंगलातून जातात. पुढे इस्तारी काठी घेऊन चालतो. वाघ जवळ येऊ नये म्हणून सतत मोठ्याने आवाज करावा लागतो. पण रोज ओरडायचं तरी काय? गाणी संपली, शिव्याही संपल्या. मग ताराबाईनेच तोड सुचवली.

"त्या फोटोखाली ज्याईनं ज्याईनं 'बरोबर' लिवलं, त्याईचे नाव वाचत चाला जी. लई हायेत. बांधीपर्यंत पुरतीन."

तेव्हापासून इस्तारी फोन डोळ्यांसमोर धरून एकेक नाव ठणठणीत आवाजात घेतो आणि मागून सगळ्या बाया तेच नाव ओरडतात. त्याच यादीतलं आपलं नाव परवा नाल्याजवळच्या दाट बांबूत घेतलं गेलं. इस्तारीने ते नीट, आडनावासकट, दोनदा वाचलं; कारण तिथे वाघाच्या पंजांचे ठसे ताजे होते.