निम्म्या दराचे गुंडूअण्णा

नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या मयताला रुक्माअक्का गेल्या, मनापासून रडल्या, पदरानं डोळे पुसले आणि प्रेत ठेवलेल्या बर्फाच्या काचपेटीवर बोट टेकवून त्यांनी घरच्यांना विचारलं, "दिवसास भाडें किती?" आकडा ऐकून त्यांना दुसऱ्यांदा रडू आलं. हे रडणं पहिल्यापेक्षा खरं होतं असं मी म्हणणार नाही, पण मोठं होतं.

मी सोलापूरची. लग्न होऊन तंजावुरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली आणि तेवढीच वर्षं अक्का माझ्या शेजारी आहेत. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं आता सातआठच उरली. मुलांना मराठी कळते, पण उत्तर तमिळमधून येतं. अक्कांची मराठी मात्र तीनशे वर्षांपूर्वी इथं आली तशीच जपून ठेवलेली आहे. वस्तू टाकून द्यायची त्यांना सवयच नाही.

काटकसरीचं त्यांचं कारण एका वाक्यात मावतं : "कावेरीसही वर्षभर पाणी नसतें." नवी चादर का नको? कावेरीसही वर्षभर पाणी नसतें. पाहुण्यांना कॉफी अर्धाच पेला का? तेच. इथं टाउन बसमध्ये बायकांना तिकीट लागत नाही. ते सुरू झाल्यापासून शेवग्याच्या स्वस्त शेंगा आणायला अक्का थेट पापनाशम गावच्या बाजाराला जातात. अण्णांना तिकीट पडतं, म्हणून अण्णा घरी राहतात.

अण्णा म्हणजे गुंडूराव, त्यांचे यजमान. देवानं ही जोडी जमवताना बहुधा वही उलटी धरली असावी. अण्णांना दुकान दिसलं की आत जावंसं वाटतं, आत गेलं की वस्तू आवडते आणि आवडली की ती न घेणं म्हणजे दुकानदाराचा अपमान, असं त्यांना वाटतं. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं कारकुनी केली. पगार अक्कांच्या हातात जायचा, आता पेन्शन जाते. महिन्याला दीड हजार रुपये वरखर्चाला म्हणून त्यांना परत मिळतात, तेही वर्तमानपत्र, न्हावी आणि विडा धरून.

एवढ्यात शौक भागेना, तेव्हा अण्णांनी एक साधी युक्ती काढली. ते वस्तूची किंमत निम्मी करून सांगू लागले.

सुरुवात कुकरपासून झाली. जुन्या कुकरची शिटी वाजायची थांबली होती आणि अक्का त्याला आणखी दहा वर्षं देऊ पाहत होत्या. अण्णा नवा घेऊन आले. चोवीसशेचा कुकर, सांगितला बाराशेचा. "चीप अँड बेस्ट," असं म्हणून त्यांनी तो ओट्यावर ठेवला. अक्कांनी तो उलटा करून पाहिला, वाजवून पाहिला, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटला.

तो अभिमान त्यांनी घरात ठेवला असता तर काही बिघडलं नसतं. त्या गल्लीभर फिरल्या. आमच्या यांना निम्म्या दरानें मिळतें, कचेरींतली जुनी ओळख आहे, असं त्यांनी सहा घरांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या लक्ष्मी टीचर बाराशे रुपये घेऊन दारात उभ्या. मग कोपऱ्यावरचे शिंपी आले. त्यांना इस्त्री हवी होती. लोकांना काही कळत नव्हतं असं समजू नका. प्रत्येकाकडे फोन होता आणि फोनवर खरी किंमत दिसत होती. म्हणूनच तर ते येत होते.

मीही गेले. खोटं कशाला सांगू? मला मिक्सर हवा होता. अण्णांनी तेवीसशेत आणून दिला आणि मी आठवडाभर आनंदात होते. मग त्याच्या भांड्याचं झाकण सैल निघालं. अण्णांना त्रास नको म्हणून मी स्वतःच दुकानात गेले. दुकानदारानं बिलाची प्रत काढून दाखवली. चार हजार सहाशे.

मी शाळेत गणित शिकवते. घरी येईपर्यंत सगळा हिशेब समजला होता. संध्याकाळी अण्णांना दाराबाहेरच्या ओट्यावर एकटं गाठलं आणि उरलेले तेवीसशे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी आधी आत पाहिलं, अक्का नाहीत याची खात्री केली, आणि पैसे माझ्याकडे सरकवले. म्हणाले, हे घेतले तर बाकीच्यांचेही घ्यावे लागतील. मग हळूच म्हणाले, "तिला सांगूं नकोस. तिला कळलें तर ती मज कांहीं बोलणार नाहीं. तेंच वाईट."

मी सांगितलं नाही. पण माझ्यातल्या गणिताच्या बाईला स्वस्थता नव्हती. सहा महिन्यांत तीन कुकर, एक इस्त्री, दोन पंखे, माझा मिक्सर. आणि मिळकत महिन्याला दीड हजार. गणित काही केल्या सुटेना. मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं, अंगठी जागेवर होती. घड्याळही होतं. विचारलं तर म्हणाले, जुन्या कपड्यांच्या खिशांत पैसे सांपडतात; नोकरींत असतां मी फारच निष्काळजी होतों.

गेल्या महिन्यात अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, आठ दिवस बाहेर पडायची मनाई. आणि नेमकं त्याआधी लक्ष्मी टीचरांनी इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरसाठी चोवीसशे रुपये देऊन ठेवलेले. शब्द दिला आणि पाळता येत नाही म्हणून अण्णांचं जेवणावरून मन उडालं.

रविवारी सकाळी अक्का माझ्याकडे आल्या. टीचरांचा ग्राइंडर तूं जाऊन आण, म्हणाल्या, आणि कमरेची पिशवी सोडून माझ्या हातात नोटा दिल्या. मी मोजल्या. चार हजार आठशे होते, म्हणजे ग्राइंडरची पूर्ण किंमत.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या शांतपणे पिशवीची दोरी बांधत होत्या.

"अक्का, तुम्हाला माहीत आहे?"

पहिला कुकर आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण दुकानात जाऊन विचारून आलो होतो, असं त्या म्हणाल्या. जुन्या शर्टांच्या खिशात पैसे ठेवणाऱ्याही त्याच. कुठून? शेंगांतून, कॉफीतून, न घेतलेल्या चादरींतून. मी विचारलं, मग हे कशासाठी? एवढं काटकसरीनं जमवायचं आणि लक्ष्मी टीचरांच्या ग्राइंडरवर घालवायचं?

अक्कांनी पिशवी कमरेला खोचली. मग त्यांनी सांगितलं, कचेरीत असताना अण्णांच्या टेबलाभोवती माणसं उभी असत. अर्ज, दाखले, सह्या. सुट्टीच्या दिवशीही कोणी ना कोणी घर शोधत येई. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं दूधवाल्याखेरीज कोणी आलं नाही. अण्णा मात्र रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ओट्यावर बसत.

"आतां लोक दारास येऊन विचारतात, अण्णा आहेत कां? तें ऐकावयास मज बरें वाटतें," त्या म्हणाल्या. "आणि हें पाहा. दुकानदारानें यांचें नांव ऐकून निम्म्यांत दिलें, असें सांग. मी देत्यें म्हणून सांगूं नको."

मी ग्राइंडर रिक्षात घालून आणला. अण्णा पट्टी बांधून ओट्यावर बसले होते, शर्टाला इस्त्री होती. समोरून लक्ष्मी टीचरही आल्या. मी पढवल्याप्रमाणे सांगितलं, गुंडूरावांकडून आले म्हटल्याबरोबर दुकानदार उठून उभा राहिला आणि निम्म्या किमतीत दिला.

अण्णांनी मला खूण करून जवळ बोलावलं. उघड्या डोळ्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "खरेंच निम्म्यांत?"

"खरंच," मी म्हणाले. सत्तावीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगणाऱ्या बाईला ते फारसं जड गेलं नाही.

अण्णा ताठ बसले. मग टीचरांकडे वळून, कचेरीत असताना या दुकानदाराच्या वडिलांचं एक काम आपण कसं केलं होतं, ते सांगू लागले. टीचरांनी मान डोलवायला सुरुवात केली. अक्का दाराच्या चौकटीला टेकून ऐकत उभ्या होत्या. आत गॅसवर रिकामा तवा तापत होता, त्याचा वास बाहेरपर्यंत आला. मी त्यांना खुणेनं सांगितलं. त्यांनी हातानंच मला गप्प केलं आणि ऐकत राहिल्या.