साथीचा बंदोबस्त

साथ कुठलीही येवो, आपल्या आवाराच्या दगडी गडग्याच्या आत ती पाऊल टाकणार नाही, असं आप्पांनी पूर्णगडच्या बाजारात चारचौघांत सांगून टाकलं होतं. टीव्हीवर कुठल्याशा नव्या तापाची बातमी आली आणि तीस वर्षं कारकुनी केलेल्या आप्पांनी त्याच दुपारी यादी करायला घेतली.

हसू नका. मागच्या साथीत हेमाकाकू अठरा दिवस रत्नागिरीला इस्पितळात होत्या, आणि आप्पांना बायकोचं तोंड दिसायचं ते फोनवर, तेही नर्सबाईंना सवड झाली तर. तेव्हापासून काकू नुसत्या खोकल्या तरी आप्पा थर्मामीटर शोधायला धावायचे. हिला पुन्हा त्या इस्पितळाच्या गाडीत चढवायचं नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं.

यादी पक्की होती. फाटकाला आडवे बांधायला दोन हिरवे बांबू. मास्क शिवायला पाच वार पांढरं मांजरपाट. येणाऱ्याने बाहेरच हात धुवावेत म्हणून एक नवं मडकं. गॅस मिळेनासा झाला तर असावीत म्हणून टेम्पोभर लाकडं. दुकानदार गंगारामने यादी दोनदा वाचली, आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुकान बंद करून सामान पोचवायला स्वतः निघाला. माणूस असावा तर असा, आप्पांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी, शिंकेल त्याला चौदा दिवस वेगळं ठेवायला, पडवीला दोरी बांधली, अफवा नकोत म्हणून फोन बंद केला आणि तांदळाला बोरिक पावडर लावायला हेमाकाकूंना माळ्यावर चढवलं. मिशीत विषाणू लपतात, असं सकाळीच कुणीतरी फोनवर पाठवलं होतं. चाळीस वर्षांची मिशी! आप्पांनी ती उतरवली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या पंच्यानिशी ते दारापुढच्या खळ्यात येऊन बसले.

पहिला आला शेजारचा रावजी. त्याने बांबू पाहिले, कापड पाहिलं, मडकं, लाकडं आणि शेवटी मिशीची रिकामी जागा पाहिली.

“वैनी खंय आहेत?” त्याने हळूच विचारलं.

“आत आहे. तिच्याजवळ कुणी जायचं नाही,” आप्पांनी ठणकावलं.

रावजी तिथेच मटकन बसला आणि रडायला लागला.

अर्ध्या तासात खळ्यात चाळीस माणसं जमली. दु:खाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायका पिठलं-भात घेऊन आल्या. दोघे कोयती घेऊन बांबू सोलायला बसले. कुणीतरी जीप आणून फाटकाशी लावली. “लांब राहा, एकमेकांपासून लांब राहा!” आप्पा ओरडत होते. म्हाताऱ्याला धक्का बसलाय असं ठरलं आणि एकेक जण त्यांना कवटाळू लागला.

तेवढ्यात हेमाकाकू दारात आल्या. डोक्यापासून पायापर्यंत बोरिक पावडर.

“एवढी माणसं कशाला बोलावलीत?” त्यांनी विचारलं.

रावजी रडता रडता गडग्यावर चढला. कोयतीवाले बांबू टाकून पळाले. खुलासा व्हायला पाऊण तास लागला. वाडीतून निरोप गेल्यामुळे मुलगा वेद मुंबईहून निघाला होता. त्याला काकूंनी स्वतः फोन केला, तर कोण बोलतंय म्हणून त्याने तीनदा विचारलं.

आप्पा मात्र थक्क होऊन बघत राहिले होते. यादी करायला त्यांना अख्खी दुपार लागली होती, आणि वाडीने अर्ध्या तासात भात, माणसं, जीप, सगळं उभं केलं होतं, तेही कुणी न सांगता. मागच्या खेपेलाही अठरा दिवस रोज सकाळी गडग्यावर पेजेचा टोप ठेवलेला असायचा. कोण ठेवतं हे आप्पांनी कधी विचारलं नव्हतं. आज पिठल्याच्या टोपांत तोच टोप त्यांनी ओळखला. तो रावजीच्या घरचा होता. आप्पांना भरून आलं. मग सगळ्यांनी तिथेच पंगत मांडून पिठलं-भात खाल्ला.

तिसऱ्या दिवशी आप्पा शिंकले.

“चौदा दिवस पडवीत,” हेमाकाकू म्हणाल्या. “नियम तुमचेच.” आणि दोरीच्या अलीकडे खुर्ची ओढून त्या तांदूळ निवडत बसल्या. चौदाही दिवस तिथेच बसल्या.

साथ काही गावात आली नाही. आप्पांची मिशीही अजून पुरती आलेली नाही.