सुभानजी नगारचीच्या गढूळ पाण्याची हकीकत

नमन त्या पाण्यास, जे पोटात निर्मळ गेले आणि निर्मळच परतले. ऐसे भाग्य सर्वांस लाभत नाही, म्हणोन हे लिहिणे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी, कार्तिक मासी, राज्याचे नगारची सुभानजी यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी जाहली होती, आणि राजवैद्य विसाजीपंत यांनी त्यांच्या पोटात नळी बसविली होती, आणि त्या नळीतून दिवसातून चार वेळा पिशवीभर गोड पाणी आत सोडावे, आणि रक्तातील घाण त्यात उतरली म्हणजे काढून टाकावे, ऐसा क्रम चालला होता. रक्त धुण्याचे यंत्र राजधानीत, ती वाट तीन दिवसांची. सबब नळी हाच सुभानजींचा प्राण. मग एके दिवशी पाणी बाहेर आले ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ, आणि पोटावर पांघरूणही सोसवेना. विसाजीपंत पाहोन बोलिले, "पोटात जंतू शिरले. दर पिशवीत औषध मिसळून द्यावे. पाणी निवळले तर नळी राहील, न निवळले तर काढावी लागेल."

मग पिशव्या मिश्रणखान्यात गेल्या. तेथील दरोगे कोंडोपंत. राज्याची चाल ऐशी की, औषध मिसळताना तीन अधिकाऱ्यांच्या मोहरा लागत, आणि ते तिघे एकमेकांचे तोंड सोमवारखेरीज पाहत नसत. म्हणोन सात दिवसांच्या अठ्ठावीस पिशव्या एकाच सोमवारी मिसळल्या. दुसरी चाल ऐशी की, पूर्वी कोण्या सरदाराच्या आत्याबाईंस गार पाणी पोटात जाऊन हुडहुडी भरली, तेव्हापासून मिसळलेली पिशवी ऊबघरातच राहावी. आणि ते औषध गारव्यात आठवडा टिके, उबेत एक दिवस. हे औषधाच्या खोक्यावर लिहिले होते, परंतु खोके फोडताच जाळावे, ही तिसरी चाल.

मंगळवारी पाणी निवळो लागले, आणि सुभानजी उठोन बसले, आणि गुरुवारी पुन्हा गढूळ. दुसऱ्या आठवड्यात नव्या पिशव्या आल्या, आणि तैसेच जाहले. त्यांची बाईल चिमाबाई रोज पोटातून निघाल्या पाण्याची भरली पिशवी पंचांगावर ठेवी आणि पलीकडची अक्षरे दिसतात की नाही ते पाही. रोजच्या चार पिशव्या ऊबघरातून तीच आणी. तिने वार ताडिले आणि मिश्रणखाना गाठिला.

"पंत, दूध गारव्यात ठेवले तर राहते, चुलीशी ठेवले तर नासते. तुमचे औषध आठवडाभर शेकत पडते, त्याचे काय होते?"

"बाई, पिशवीवर मोहरा पाहा. तीन आहेत."

"मोहरा दिसल्या हो. आत काय उरले?"

"आता वैद्यकी तुम्ही करणार, तर नगारा काय मी वाजवू?"

"वाजवा की. ऐकायला माझा माणूस तेवढा राहू द्या."

मग चिमाबाई विसाजीपंतांकडे गेल्या. त्यांसही शंका आली, परंतु दरोग्यांस पुसणे म्हणजे तिन्ही मोहरांस पुसणे. म्हणोन त्यांनी जंतूंस दोष दिला, का की जंतू उलट अर्ज करीत नाहीत. "औषध पुरे गेले, जंतूच हट्टी," ऐसे बोलिले, आणि नळी काढविली. सुभानजी इतकेच म्हणाले, "चिमे, आता घाण कोण्या वाटेने जाईल गं?" बाईंनी गाडी जुंपविली. मग गाडी राजधानीकडे निघाली, आणि दुसऱ्या मुक्कामी सुभानजी वारले, आणि चिमाबाई रिकाम्या गाडीत बसोन परतल्या, तो ऊबघरातून कोणी न नेलेल्या सोमवारच्या अठ्ठावीस पिशव्या दारी येऊन पडल्या होत्या. आणणाऱ्या शिपायाने पोचेवर अंगठा मागितला, आणि बाईंनी दिला.

एकूण वर्तमान ऐसे की, चौकशी बसली, मोहरा जुळल्या, कोणी चुकले नाही ऐसे ठरले. सांप्रत ऊबघरात दुसऱ्या रोग्याच्या पिशव्या ठेविल्या आहेत, आणि आज गुरुवार आहे.